ताईची खिडकी आणि नवी आवृत्ती

सर्व्हरची नवी आवृत्ती बसवताना काय काय जपावं, याच्या सूचना तिच्याबरोबरच येतात. जुन्या माहितीची प्रत काढून ठेवा, वीज जाणार नाही याची खात्री करा, घाई करू नका. घरातल्या मोठ्या बहिणीचं काय करावं, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. मी शेवटपर्यंत वाचल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

मी सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटरचं बघतो. 'कॉम्प्युटरचं बघतो' हे शब्द माझ्या बायकोचे. पाहुण्यांना ती एवढंच सांगते आणि पुढे चहा ओतते, त्यामुळे मी तिथे नुसताच बघत बसतो असा एक समज नातेवाइकांत पसरलेला आहे. तो अगदीच खोटा नाही. वाचनालयात दुपारी उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे फरशीवर उतरतात आणि कुणाला कळू न देता वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे सरकतात. ते बघत बसलं की माणसाला आपला पगार, वय, घरी न्यायचं सामान, सगळ्याचा विसर पडतो.

मागच्या खोलीत सर्व्हर होता. देवघेवीच्या खिडकीवर पुस्तकावरच्या बारकोडच्या पट्टीवरून यंत्र फिरवायचं, बटण दाबायचं, की हा सर्व्हर सांगणार: पुस्तक कुणी नेलं होतं, परत आलं की नाही, आता कुणाला द्यायचं. मग पावती बाहेर येणार. आमचा सर्व्हर हे सगळं सांगायचा, पण आठवून आठवून. तोवर खिडकीवरच्या पडद्यावर एक निळं चाक फिरत राहायचं. सगळे या सर्व्हरला म्हातारा म्हणत. काही बायका रांगेत विणकाम घेऊन उभ्या राहत, आणि मला वाटतं, एका स्वेटरच्या दोन्ही बाह्या आमच्याच रांगेत पुऱ्या झाल्या.

खिडकीवर माझी मोठी बहीण बसे. ताई आमच्याकडेच राहते. तिने लग्न केलं नाही. आधी आईचं आजारपण होतं, मग माझं शिक्षण, मग तिची तिलाच सवय झाली. तिच्याबद्दल एवढं पुरे. महत्त्वाचं आहे ते चाक, कारण त्या चाकात हवामानवाले राहत होते.

हवामानवाले वेधशाळेतून निवृत्त झालेले, उंच आणि किंचित वाकलेले गृहस्थ. जन्मभर आकाशाकडे बघून त्यांची नजर अशी झाली होती, की समोरच्या माणसाशी बोलतानाही ते त्याच्या डोक्याच्या जरा वर बघत. घरी एकटेच असत. रोज दुपारी एक बारीकसं पुस्तक परत करायला येत आणि दुसरं बारीकसं घेऊन जात. ताई पट्टीवर यंत्र फिरवी, बटण दाबी आणि म्हणे, "सिस्टिम स्लो आहे."

"असू दे," हवामानवाले म्हणत. "काल कुठे होतो आपण?"

"तुम्ही टेकडीवर होता. ढग खाली होता."

"हां. तर ढग खाली होता."

आणि मग निळं चाक फिरत असेपर्यंत त्यांच्या नोकरीच्या दिवसांच्या गोष्टीतला ढग टेकडीवर चढत राही. पावती आली, की जिथे असेल तिथे तो थांबे. रात्री जेवताना ताई आम्हाला सांगे, "आज ढग वेधशाळेच्या खिडकीतून आत शिरला. रजिस्टरची पानं ओली झाली." आम्ही नवरा-बायको घास हातात धरून ऐकत बसायचो. ताईचा चेहरा त्या वेळी असा दिसे, की मला लहानपणची ती आठवायची, गच्चीवर उताणी पडून ढगांना नावं देणारी. या दोघांचं काहीतरी व्हावं असं आम्हाला फार वाटे. पण दोघंही इतकी सावकाश, की म्हाताराच त्यांच्यापुढे चपळ ठरला असता.

अशात वरच्या कार्यालयाचं परिपत्रक आलं. सर्व्हरच्या जुन्या आवृत्तीची देखभाल लवकरच बंद होत असून सर्वांनी नवी मोठी आवृत्ती बसवावी. न बसवल्यास होणाऱ्या परिणामांस स्थानिक कर्मचारी जबाबदार राहील. स्थानिक कर्मचारी म्हणजे मी. ग्रंथपालांनी परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघत ते पुस्तकांच्या कपाटांमागे दिसेनासे झाले.

मी घरी जाऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, की आता वाचनालयात वाट बघणं इतिहासजमा होणार. बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे ते चाक जाणार?"

"जाणारच. बटण दाबलं की पावती."

"मग ताईंनी बोलायचं कधी?"

मी म्हणालो, दोन मोठी माणसं चाकाशिवायही बोलू शकतात. ती म्हणाली, "बोलू शकत असती तर एव्हाना बोलली नसती का?" आतल्या खोलीत ताई काहीतरी गुणगुणत होती. मी उठून मधलं दार हळूच लोटून घेतलं.

समोरच्या दारात राहणारे काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि सल्ल्याला कधीच नाही म्हणत नाहीत, म्हणजे द्यायला. जिन्यात गाठून त्यांनी सांगितलं, "चालू यंत्राला हात लावू नकोस. आमच्या शाखेत एकाने नवं बसवलं, आणि सगळे खातेदार एका सकाळी मयत दिसायला लागले. जिवंत माणसं रांगेत उभी राहून आपण आहोत असं लिहून देत होती." मी म्हटलं, वरून आदेश आहे. "आदेश येतात," काका म्हणाले. "आपण टेबलावर ठेवायचे." बायकोचा चाकासाठी तुटणारा जीव आणि काकांचा अनुभव, दोन्ही एकाच बाजूला. पलीकडे मी एकटा, आणि माझा अभिमान. खरं सांगायचं तर तोही फार जोरात नव्हता.

पण काम टाळायचं म्हटलं तरी आधी परवानगी मागावी लागते, आणि ती मिळाली की पंचाईत होते. वाचनालय एक दिवस बंद ठेवायला अर्ज करायचा होता. बंद ठेवण्याची कारणं त्यावर छापलेली होती: रंगकाम, वाळवी, शोकसभा. आवृत्ती बदलण्याचं कारण त्यात नव्हतं, आणि 'इतर' असाही पर्याय नव्हता. ग्रंथपालांनी बराच विचार केला. वाळवी म्हटलं तर तपासणी येते, शोकसभेला नाव द्यावं लागतं. त्यांनी रंगकामावर खूण केली आणि म्हणाले, "नुसतं कारण आहे हो. कोण बघतंय."

ठरलेल्या सकाळी मी मागच्या खोलीत बसून जुन्या माहितीची प्रत काढतोय, तोच दार उघडून शिडी आत आली. शिडीमागे रंगारी होता, त्याच्यामागे त्याचे डबे.

मी त्याला समजावलं, की रंगकाम हे नुसतं कारण आहे. त्याने खिशातून आदेश काढून दाखवला. "कागद आहे साहेब. कागद असताना भिंत सोडून गेलो तर मलाच विचारतील." एका कागदाने बांधलेला माणूस मी स्वतःच असल्यामुळे मला त्याच्याशी भांडवेना. आम्ही खोली वाटून घेतली. भिंती त्याच्या, यंत्र माझं.

नवा सर्व्हर बसवायचा म्हणजे आधी नवी जावा बसवायची. जावा ही ज्या भाषेत आमचा देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिला आहे ती. नव्या जावाला जुन्या यंत्रप्रणालीवर पाय ठेवणं कमीपणाचं वाटलं, म्हणून तीही नवी आणली. नव्या प्रणालीने आमच्या पावती छापणाऱ्या यंत्राला ओळख दिली नाही. त्याची समजूत घातली, तर देवघेवीचा प्रोग्रॅम अडून बसला. झालं होतं असं, की जुन्या आवृत्तीत प्रोग्रॅम ज्या कपाटांतून आपलं सामान काढत असे, त्या कपाटांची नावं नव्या आवृत्तीत बदलली होती. कपाटं तीच, सामान तेच, पण जुन्या नावाने हाक मारली तर एकही ओ देईना. हाका सगळ्या प्रोग्रॅमभर विखुरलेल्या. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गृहस्थांना फोन केला. मागून पाण्याचा आणि पोरांचा आवाज येत होता.

"मी ते सोडलं," ते प्रसन्नपणे म्हणाले. "आता पोहायला शिकवतो. तुम्हाला येतं का?"

मी एक एक हाक बदलत गेलो. रंगारी एक एक भिंत पुरी करत गेला. त्याचा रंग फिकट निळा होता, आणि दुपारी ऊन त्यावर पडलं तेव्हा मला वाटलं, आपण पाण्याखाली बसलो आहोत आणि पोहायला न शिकल्याचं काही बिघडलेलं नाही. शेवटी सगळी माहिती नव्या घरी हलवायचं काम सुरू झालं. पडद्यावर एक हिरवी रेघ होती, ती मुंगीच्या पावलांनी पुढे जात होती. मी वाचनकक्षातल्या बाकावर जरा पाठ टेकली. स्वप्नात निळं चाक आभाळातून चाललं होतं, त्याच्या सावलीत ताई छत्री घेऊन उभी होती, आणि मी तिला सांगत होतो की हे चाक आता जाणार, पण माझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता.

जागा झालो तो रंगाऱ्याच्या हाताने. "साहेब, तुमचं यंत्र झोपलंय." रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून त्याने सर्व्हरवर जाड चादर घातली होती, चारी बाजूंनी नीट खोचून, आजारी माणसाला घालतात तशी. सर्व्हर आतल्या आत तापला आणि बंद पडला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्याने चादरीची घडी इतकी काळजीपूर्वक घातली होती की माझा राग तिथेच निवला.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं तेव्हा सगळ्या पुस्तकांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू लागली. जुनी जावा अक्षरं एका पद्धतीने वाचत होती, नवी दुसऱ्या. लेखक प्रश्नचिन्ह, पुस्तक प्रश्नचिन्ह. ग्रंथपाल पडद्यासमोर हात जोडून बसले. लोक खिडकीशी येऊन पुस्तकाचं वर्णन करू लागले: त्यातली आजी शेवटी घर सोडून जाते ते, निळ्या वेष्टनाचं, मागच्या उन्हाळ्यात मी रडत रडत वाचलं ते. ताई सगळी ओळखत होती. मी मागच्या खोलीत ओल्या रंगाच्या वासात डोकं धरून बसलो होतो, आणि बाहेर हवामानवाले कधी नव्हे एवढा वेळ बोलत उभे होते. त्या रात्री आमच्या जेवणात ढग टेकडी ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरला.

प्रश्नचिन्हं तशीच राहू द्यावीत असं माझ्या मनात येऊन गेलं. पण मी पगार घेतो, आणि काका जिन्यात भेटून रोज विचारत होते, "झाले का सगळे मयत?" मी अक्षरं दुरुस्त केली. सगळी नावं परत आली. मग मी ताईच्या खिडकीशी जाऊन स्वतः बटण दाबून पाहिलं. बोट उचलायच्या आत पावती बाहेर आली. इतकं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालेलं नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. जो तो आपल्या वर्तमानपत्रात होता.

त्या दुपारी हवामानवाले आले.

"काल कुठे होतो आपण?"

"खोऱ्यात," ताई म्हणाली, आणि पावती आली.

दोघांनी पावतीकडे पाहिलं. मागे रांग होती. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," ताई म्हणाली. ते पुस्तक काखेत धरून पायऱ्या उतरून गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या दिवशी ते आलेच नाहीत.

घरी जेवताना भांड्यांचा आवाज मोठा वाटू लागला. ताई म्हणाली, सर्व्हर छान चालतो हो तुझा. ती मनापासून म्हणाली, त्यामुळे मला जास्तच लागलं. बायकोने माझ्या पानात न मागता वाढलं. रागावली की ती असंच करते. सर्व्हरला जरा थांबून उत्तर दे असं सांगणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घालता येते. ती मी दोनदा लिहिली आणि दोनदा पुसली. वेग वाढवण्यासाठी मी पाण्याखाली बसून जीव काढला होता. आता आपल्याच हाताने त्याच्या पायात दोरी बांधायची, हे जिवावर येत होतं. ताईसाठी बांधायला हवी होती. रोज वाटे, उद्या बांधू.

आणि मग हवामानवाले परत यायला लागले, आणि त्याच सुमाराला काकांनी वाचनालयाकडे लेखी तक्रार केली. नवा सर्व्हर जुन्यापेक्षाही मंद असून दुपारच्या वेळी रांगेत उभं राहून पाय दुखतात. जिन्यात भेटून ते तोंडी म्हणाले, "मी सांगितलं होतं."

माझा विश्वास बसेना. मी वायरी तपासल्या, जोडण्या काढून पुन्हा खोचल्या, मागच्या खोलीतून शंभर वेळा चाचणी घेतली. सगळं विजेच्या वेगाने चालत होतं. मंद होती ती फक्त ताईची खिडकी, तीही फक्त दुपारी. शेवटी दुपारच्या वेळी मी पाय न वाजवता जाऊन तिच्या खुर्चीमागे, कपाटाच्या आडोशाला उभा राहिलो.

हवामानवाल्यांनी पुस्तक ठेवलं. ताईने पट्टीवर यंत्र फिरवलं आणि म्हणाली, "सिस्टिम स्लो आहे."

"असू दे," ते म्हणाले.

पडद्यावर चाक नव्हतं. पडदा स्वच्छ होता, बटण दाबायची वाट बघत होता. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक गुंफलेले. तिने पडद्याकडे पाहिलंही नाही. ढग खोऱ्यातून नदीवर आला होता आणि नदी दिसेनाशी झाली होती. रांगेत काका या पायावरून त्या पायावर होत होते. मी तसाच मागे सरलो आणि निळ्या खोलीत जाऊन बसलो. माझी ताई, जी जन्मात कधी एका शब्दाने खोटं बोलली नाही, ती माझ्या सर्व्हरचं नाव बदनाम करत होती, आणि मला इतका आनंद झाला होता की बसवेना.

दोन दिवसांनी वाचनालयाचे अध्यक्ष आले. हातात काकांची तक्रार होती, बरोबर ग्रंथपाल होते, आणि पुरावा म्हणून स्वतः काका. वेळ दुपारची. ते सगळे सरळ ताईच्या खिडकीशी गेले, जिथे हवामानवाले नुकतेच पुस्तक ठेवून उभे होते. मलाही बोलावणं आलं.

"हा तुमचा नवा सर्व्हर?" अध्यक्ष म्हणाले. "मी घड्याळ लावून बघतोय. पावती काही येत नाही."

ताईचा चेहरा उतरला. तिचा हात बटणाकडे निघाला. मी तिच्याआधी बोललो.

"स्लोच आहे साहेब. माझ्याकडून काहीतरी राहिलंय. या खिडकीवर ते असंच राहणार."

"असंच राहणार म्हणजे?"

"म्हणजे माझ्याने ते दुरुस्त होत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते माझं मलाच माहीत. काका दुःखाने मान हलवत होते. त्यांचं म्हणणं खरं ठरल्याचा त्यांना मनापासून खेद झालेला दिसला. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"मग हे काढा आणि जुनं परत बसवा. वरच्या कार्यालयाला मी कळवतो, की आमच्या माणसाला जमलं नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मी मान हलवली. आता म्हातारा परत येईल, चाक परत येईल, माझं काय व्हायचं ते होईल, असं मनाशी म्हणालो आणि जायला वळलो.

"थांब," ताई म्हणाली.

ती उभी राहिली होती. खिडकीवर कामात असताना तिला असं उभं राहिलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

"सर्व्हर चांगला आहे साहेब. फार चांगला आहे. मी बटणच दाबलं नव्हतं."

"आज?"

"रोज."

"का पण?"

ताईने हवामानवाल्यांकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाली होती, पण आवाज सरळ होता. "यांचं बोलणं संपलेलं नसतं. मला ते ऐकायचं असतं."

वाचनकक्षातल्या लोकांनी वर्तमानपत्रं खाली घेतली. हवामानवाल्यांनी, मला आठवतं तसं पहिल्यांदाच, समोरच्या माणसाच्या डोक्यावर न बघता सरळ डोळ्यांत बघितलं.

"मॅडम, मलाही कळत होतं," ते हळूच म्हणाले. "राहिलेलं पुस्तक परत करायला आलो, त्याच दिवशी तुमचे हात मला दिसले. म्हणून तर मी पुन्हा रोज यायला लागलो."

मग ते म्हणाले, तुमचं काम आटोपलं की मी बाहेरच्या बाकावर थांबतो, आणि ताई म्हणाली, आताच चला. तिने खुर्चीच्या पाठीवरची पर्स घेतली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि खिडकीमागचं छोटं दार उघडून बाहेर पडली. दोघं पायऱ्या उतरून उन्हात गेली. कुणालाच घाई नव्हती.

ताईचं बटण अजून दाबायचंच होतं आणि रांग तशीच उभी होती. अध्यक्ष ग्रंथपालांकडे बघत होते, ग्रंथपाल छताकडे. मी जाऊन ताईच्या खुर्चीत बसलो आणि एक एक पुस्तक घेऊ लागलो. बटण दाबलं की पावती, बटण दाबलं की पावती. काकांचा नंबर आला, त्यांचीही पावती तशीच क्षणात बाहेर आली. ते ती हातात घेऊन दाराकडेच बघत राहिले. इतका वेगवान सर्व्हर त्या वाचनालयात कधीही चालला नव्हता, आणि त्याकडे एकाही माणसाचं लक्ष नव्हतं.